सरोवरातली सिकुरी

१

काचेची पेटी रिकामी होती, हे धक्कादायक खरेच. परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते तिच्या झाकणाने. चोराने ते पुन्हा जागेवर बसवले होते, चारही खिट्ट्या घट्ट आवळल्या होत्या, आणि फरशीवर सांडलेले स्पिरिट पुसून घेतले होते. चोर घाईत असतो. हा माणूस घाईत नव्हता, अथवा घाईत असूनही त्याला ती पेटी उघडी टाकून जाववले नव्हते.

सर्व संतांच्या सणाची संध्याकाळ होती. बेनी प्रांतातल्या आमच्या त्रिनिदाद गावात घरोघरी मेलेल्यांसाठी मेज मांडलेले होते. दुपारी बाराच्या घंटेला आलेले आत्मे दुसऱ्या दिवशी बाराच्याच घंटेला परत जाणार होते. मीही एका शेजाऱ्याच्या मेजासमोर बसलो होतो, तेव्हा संग्रहालयाचा साहाय्यक रुडी मेल्गार मोटारसायकलवरून धापा टाकत आला. माझे नाव फाउस्तो; आमच्याकडे वकील-न्यायाधीशांनाही ‘डॉक्टर’ म्हणतात. न्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी गावात काही वाकडे झाले की लोक आधी माझ्याकडे येतात आणि मग पोलिसांकडे. या वेळी क्रम उलटा झाला होता. पोलिसांनी नेमेसिओ मुइबाला आधीच कोठडीत टाकले होते.

चोरीला गेलेली सिकुरी कोणती, हे गावात कुणाला सांगावे लागत नाही. वाचकाला मात्र सांगितले पाहिजे. जग ज्या सापाला अॅनाकोंडा म्हणते, त्याला आम्ही सिकुरी म्हणतो. आमच्या बेनीच्या मैदानात ती दोन प्रकारची आढळते. एक मोठी, हिरवी. ती प्रत्येक नदीत, जंगलातल्या प्रत्येक ओढ्यात असते, आणि तिच्या कुशीवरच्या काळ्या ठिपक्यांच्या पोटात पिवळे डोळे असतात. दुसरी लहान, तपकिरी, भरीव ठिपक्यांची. ती पुराच्या गवताळ मैदानातली, उघड्या सरोवरांची रहिवासी. ही दुसरी जात स्वतंत्र आहे आणि ती आमचीच आहे, हे सिद्ध करण्यात प्रोफेसर लिसान्द्रो आंतेलो यांचे आयुष्य गेले.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा ओस्मान तीच सिकुरी आणायला नेमेसिओच्या होडीतून ओकोरो सरोवराकडे निघाला. मामोरे नदीला पूर होता आणि वाटेतल्या पुएर्तो आंबाइबो गावाच्या पुढे जायला मनाई होती. परतताना बुडालेल्या झाडावर आदळून होडी उलटली. नेमेसिओ पोहून निघाला, ओस्मान निघाला नाही. मेलेल्या सिकुरीचे पोते मात्र फांदीला अडकलेले सापडले.

नेमेसिओ सांगत राहिला, की आम्ही आंबाइबोच्या पुढे गेलोच नाही. चौकशीत प्रोफेसरांना विचारले गेले. त्यांनी एकच वाक्य उच्चारले: "ही सिकुरी ओकोरो सरोवरातली आहे." ज्या माणसाने आयुष्यात एक खवलासुद्धा चुकीचा मोजला नव्हता, त्याचे ते वाक्य होते. नेमेसिओचा परवाना गेला, आणि मनाई झुगारून पोराला मरणाच्या तोंडी नेणारा व वर खोटे बोलणारा माणूस म्हणून तो गावात उरला.

आता ती सिकुरीच नाहीशी झाली होती.

२

"मी तिला पाहिलंसुद्धा नाही, डॉक्टर!" इव्होन तेर्रासास म्हणाली. कोचाबांबाहून त्याच दुपारी विमानाने आलेली ही तरुण शास्त्रज्ञ रिकाम्या पेटीसमोर हातमोजे घालून उभी होती. "सामान खोलीवर टाकलं, धावत आले, रुडीने कुलूप उघडलं, आणि हे."

"डोंगरावरची माणसं," रुडी पुटपुटला. "सणाच्या दिवशीसुद्धा काम."

"आणि तुम्ही सखल भागातले लोक कामाच्या दिवशीसुद्धा सण करता, ते?"

मी दोघांनाही थांबवले आणि तिला त्या सापाचे काय काम होते, असे विचारले.

"मांसाचा नखाएवढा तुकडा हवा होता. भांडण मोठं आहे, डॉक्टर. काही जण म्हणतात, मोठी हिरवी ही एक जात नाहीच. उत्तरेकडची वेगळी, आपल्याकडची दक्षिणेची वेगळी. आणि तेच लोक म्हणतात, की पराग्वेकडची पिवळी, अॅमेझॉनच्या मुखाकडची ठिपक्यांची आणि तुमची बेनीची, या तिन्ही मिळून एकच."

"म्हणजे प्रोफेंचं अख्खं आयुष्य पराग्वेच्या खिशात," रुडी म्हणाला.

"साप पासपोर्ट दाखवून नदी ओलांडत नाही, रुडी. सगळ्यांना हे पटलेलं नाही. म्हणून तर प्रत्येक जागेचा नमुना हवा. ओकोरोचा जगात एकच होता."

रुडीचा हेतू उघड होता: गुरूची जात पुसली गेली, तर संग्रहालयाला कोण विचारणार? किल्लीही त्याच्याकडे होती; दुसरी प्रोफेसरांच्या घरी खिळ्याला टांगलेली असे. परंतु ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याला पेटीतल्या सापाचा तुकडा बदलून देणे सोपे होते. अख्खा साप पळवून संशय ओढवून घेण्याइतका तो मूर्ख नव्हता, आणि इतका धाडसी तर मुळीच नव्हता.

मी भिंतीकडे वळलो. ती प्रोफेसरांच्या हातच्या पेन्सिलचित्रांनी भरली होती. संग्रहात आलेला प्रत्येक साप त्यांनी स्वतः काढला होता. डोक्यावरचे पट्टे, पाठीवरचे ठिपके, पोटाचे खवले, सारे मोजून. बाजारात फुटक्या डब्यात आलेले एक क्षुद्र पिल्लूसुद्धा तिथे होते. भिंत दोनदा पाहिली आणि मी विचारले, "ओकोरोच्या सिकुरीचं चित्र कुठे आहे?"

"नाही काढलं त्यांनी," रुडी म्हणाला. "पेटीवर कायम कापड असायचं. आम्हाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मुलाची शेवटची वस्तू, डॉक्टर. हात धजला नसेल."

उत्तर योग्य वाटत होते. मी ते स्वीकारले नाही, बाजूला ठेवले.

३

"या, डॉक्टर," कोठडीतून नेमेसिओ म्हणाला. "या वेळी तरी कुणीतरी विचारायला आलं. गेल्या खेपेला सगळे सांगायलाच आले होते."

त्याला संग्रहालयाच्या पायरीवर सकाळभर बसलेले अनेकांनी पाहिले होते. पोलिसांना तेवढे पुरे झाले.

"का बसला होतास?"

"ती बाई येणार, साप तपासणार, असं बाजारात ऐकलं. म्हटलं, तिचे पाय धरायचे. सांगायचं, बाई, नीट बघा, हा साप सरोवरातला आहे का ते एकदा बघाच." तो कडवट हसला. "आणि मीच तो चोरला म्हणे! साऱ्या बेनीत तो साप तपासून हवा असलेला मी एकटा माणूस, डॉक्टर."

हा युक्तिवाद निर्दोष होता. पुरावा नष्ट करतो तो, ज्याला पुराव्याची भीती असते. नेमेसिओला आशा होती.

"तीन दिवस आंबाइबोला काय करत होतात?" मी विचारले.

"मी मासे धरत होतो. ओस्मान तिथे झोपाळ्यात पडून असायचा. गिटार वाजवायचा. मला म्हणाला, नेमेसिओ, पुढे जायचं नाही, आणि घरी कुणाला बोलायचं नाही. मग तिसऱ्या दिवशी पोतं घेऊन आला. पोत्याला तोंडाकडून धरायलासुद्धा तयार नव्हता. मीच चढवलं. चांगला पोरगा होता हो. माझ्या हातातून निसटला. ते मी कधी नाकारलं?"

बाहेर शिपाई हसत होते. नेमेसिओने गजांवर कपाळ टेकले.

"माझी बायको गेली, तेव्हा शेवटच्या घटकेला विचारलं तिने. म्हणाली, आता तरी खरं सांग, नेलं होतंस ना त्याला? मी शपथ घेतली. तिने नुसता हात थोपटला, डॉक्टर. लहान मुलाचा थोपटतात तसा. तीन वर्षं मेज मांडायचं, हे तिसरं. उद्या बाराला गेली की गेली. त्याआधी तिच्या मेजासमोर कुणीतरी उभं राहून सांगावं, एवढंच हवं. मी नव्हे. माझं ऐकून काय होणार? ज्याच्या शब्दाला किंमत आहे, अशा कुणीतरी."

मी उठताना त्याला सहज विचारले, की सकाळी ओळखीचे कोण कोण दिसले.

"सगळं गावच. बायका ऊस नि केळीचे खांब घेऊन चाललेल्या, मेजाच्या कमानीला. हो, एक नवल झालं. डोन्या आर्मिंदा गेल्या. प्रोफेंच्या बायको. ढकलगाडीत उसाचा ढीग. नऊ वर्षांत मला पाहून रस्ता बदलायच्या. आज थांबल्या. म्हणाल्या, कसा आहेस, नेमेसिओ? आणि मी उत्तर द्यायच्या आत रडायला लागल्या."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंतेलोंच्या घरी प्रार्थनेला गेलो. मेलेल्याच्या मेजाला येणाऱ्याला कुणी दार बंद करत नाही.

प्रोफेसर आतल्या पडवीत झोपाळ्यात पडून होते. फुप्फुसांनी त्यांना वर्षभर जेरीला आणले होते. डोन्या आर्मिंदाने माझे दोन्ही हात धरले आणि मला मेजाकडे नेले. ओस्मानचे छायाचित्र, खारवलेल्या मांसाबरोबर कुटलेली केळी, चिचा हे मक्याचे पेय, गोल पाव, पांढरी फुले. आणि मेजावरून थेट जमिनीला टेकलेली शुभ्र चादर. तीन वर्षांनी मेज बंद करायचे, ही रीत या घराने पाळली नव्हती. गाव त्याबद्दल बोलत असे, पण हळू आवाजात.

मी गुडघे टेकले आणि मला काहीतरी खटकले. मेजावर एकही मेणबत्ती नव्हती.

मेणबत्त्या होत्या, पण बाहेर, उंबरठ्यावर, ओळीने.

"आत वारा येतो हो," ती माझ्या नजरेचा माग काढत म्हणाली. "सारख्या विझतात."

उंबरठ्यावरच्या ज्योती वाऱ्याने फरफरत होत्या. आत, बंद खिडक्यांच्या खोलीत, फुलाची पाकळीही हलत नव्हती. वाऱ्यापासून जपण्यासाठी कुणी मेणबत्ती वाऱ्यात नेऊन ठेवत नाही. आणि ओस्मानला वाट दिसावी म्हणून नऊ वर्षे रीतीबाहेर मेज मांडणारी आई त्याच्यासमोरचा उजेड विनाकारण काढून घेणार नाही. असे कारण एकच असू शकते: त्या मेजाजवळ ज्योत आणणे धोक्याचे होते. फुलांच्या आणि ताज्या पावाच्या वासाखालून मला तो तिसरा वास आला, जो मी आदल्या संध्याकाळी रिकाम्या पेटीपाशी घेतला होता.

"डोन्या आर्मिंदा," मी शक्य तितक्या हळू म्हणालो, "स्पिरिटमध्ये भिजवून गुंडाळलीत, होय ना? वाळली तर खराब होते म्हणून."

तिने पडवीकडे पाहिले आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

५

"त्यांना कळता कामा नये," ती कुजबुजली. "तुमच्या पाया पडते, फाउस्तो. त्यांना मारून टाकाल तुम्ही."

"काय कळता कामा नये?"

"त्याने ती पकडली नव्हती. आंबाइबोच्या एका माणसाने डुकरं खाते म्हणून कोयत्याने मारलेली. ह्याने विकत घेतली. मला फोन केला होता, आई, काम झालं, बाबांना सांगू नकोस. हसत होता." ती स्वतःही क्षणभर हसली, आणि ते पाहवत नव्हते. "लहानपणापासून सापाला घाबरायचा तो. मेलेल्यालासुद्धा. रात्री माझ्या अंथरुणात शिरायचा. आणि बाप तर सापांचा राजा! कसं सांगणार होता? त्या बाईने कातडी बघितली असती, कोयत्याचा घाव बघितला असता, म्हणाली असती, प्रोफे, तुमचा मुलगा खोटं बोलला. मी किल्ली घेतली, मागच्या दाराने तिला ढकलगाडीत काढली, वर ऊस टाकला."

"आणि नेमेसिओ?"

तिने मान खाली घातली. "देवाने मला त्याच्याबद्दल विचारावं. तुम्ही नका विचारू."

"आर्मिंदा, ती बाहेर काढ," पडवीतून आवाज आला.

प्रोफेसर दाराला धरून उभे होते. त्यांनी स्वतःच वाकून चादर उचलली. ओल्या कापडात गुंडाळलेला तो जड देह आम्ही दोघांनी बाहेर ओढला. मानेवरचा घाव जाड दोऱ्याने शिवलेला होता. स्पिरिटने रंग धुऊन नेले होते. परंतु कुशीवरच्या प्रत्येक काळ्या ठिपक्याच्या पोटात एक फिकट डोळा अजून स्पष्ट होता. ती हिरवी होती, कुठल्याही ओढ्यातली.

"पोतं उघडलं त्याच क्षणी कळलं मला," प्रोफेसर म्हणाले.

डोन्या आर्मिंदा त्यांच्याकडे वळली. "लिसान्द्रो, त्याच क्षणी?"

"ठिपके पाहिले, घाव पाहिला. माझ्या मुलाला सापांची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त माझी, हे मला एका मेलेल्या जनावराने सांगितलं." त्यांना दम लागला. "चौकशीत विचारलं, तेव्हा म्हटलं, सगळं गाव त्याला हसेल. भेकड म्हणेल. नेमेसिओ जिवंत आहे, तो सोसेल. असा हिशेब केला मी."

म्हणूनच चित्र नव्हते. जिभेने एकदा खोटी साक्ष दिली होती. हाताने ती द्यायला नकार दिला होता. नवरा बायकोपासून आणि बायको नवऱ्यापासून तीच एक गोष्ट नऊ वर्षे एकाच घरात लपवत आली होती.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे, आणि मी ती तिथेच बोलून दाखवली. हिरवी सिकुरी सरोवरातही असू शकते. केवळ तिच्या जातीवरून ओस्मान तिथे गेला नाही, हे सिद्ध होत नाही. परंतु तो गेला होता, याचा जो एकमेव पुरावा होता, तो खोटा ठरतो. आणि आईला आलेला फोन व कोयत्याचा घाव उरलेले काम पुरे करतात. नेमेसिओ खरे बोलत होता.

मी तिथूनच ठाण्याला फोन करून त्याला घरी सोडायला लावले. मग नेमेसिओची मागणी सांगितली: बाराच्या आत, बायकोच्या मेजासमोर.

"बारानंतर सांगा!" डोन्या आर्मिंदाने माझी बाही धरली. "ओस्मान इथे आहे आत्ता. त्याच्यासमोर त्याला भेकड म्हणू नका. घंटा होऊ द्या, तो जाऊ दे, मग साऱ्या जगाला सांगा!"

"बारानंतर नेमेसिओची बायको नसेल," मी म्हणालो.

मी तर्काने जगलेला माणूस आहे, आणि त्या क्षणी मी दोन मेलेल्यांच्या मध्ये उभा होतो. एकाने ऐकू नये म्हणून थांबायचे, की एकीने ऐकावे म्हणून बोलायचे? दोघांची घंटा एकच होती.

प्रोफेसरांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"ओस्मान या मेजापाशी आहे," ते म्हणाले. "नेमेसिओच्या घरी नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मी तिथे जाऊन बोलतो, इथल्याला ऐकू जाणार नाही."

"म्हणजे त्याच्या निरोपाला तुम्ही नसणार?" तिने विचारले.

"नसणार." त्यांनी छायाचित्राकडे पाहिले. हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. "तू त्याला सांग, बाबा कामाला गेलेत. त्याला सवय आहे त्याची."

६

माझ्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांनी माझ्या खांद्यात बोटे रुतवली होती. प्रत्येक खड्ड्यात त्यांचा श्वास माझ्या मानेवर शिट्टीसारखा वाजे. एकदा मी थांबू का, असे विचारले. ते म्हणाले, "चालवा हो."

नेमेसिओचे घर नदीकडच्या टोकाला, ताडपानांच्या छपराचे. तो नुकताच पोहोचला होता. कोठडीची धूळ अजून सदऱ्यावर होती. मेज लहान होते. प्रोफेसरांना पाहून तो उभा राहिला, पण या म्हणाला नाही.

प्रोफेसर मेजासमोर गेले. न्यायालयात उभे राहावे तसे टोपी हातात घेऊन, ताठ.

"मी, लिसान्द्रो आंतेलो, चौकशीत खोटं बोललो," ते म्हणाले. "ती सिकुरी सरोवरातली नव्हती. ती कुठेही मिळणारी हिरवी होती, आणि ते मला माहीत होतं. माझा मुलगा ओकोरोला गेलाच नाही. नेमेसिओ मुइबा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता." पुढचे वाक्य त्यांना दोनदा सुरू करावे लागले. "तुमच्या नवऱ्याने माझ्या मुलाला मारलं नाही, बाई. मी तुमच्या नवऱ्याला मारलं."

थोड्या वेळाने देवळाची घंटा सुरू झाली. शेजारच्या घरांतून रडणे ऐकू आले, निरोपाच्या वेळी येते तसे. प्रोफेसर मान वळवून गावाच्या दिशेने, आपल्या घराच्या दिशेने पाहत राहिले.

घंटा संपली. नेमेसिओने रीतीप्रमाणे मेज उचलायला घेतले. प्रार्थना करणाऱ्याला मेजावरचा पाव द्यायचा असतो. त्याने मला दिला. मग दुसरा पाव हातात घेऊन तो प्रोफेसरांसमोर आला आणि थांबला.

"तुम्ही साक्ष दिलीत," तो म्हणाला. "प्रार्थना नाही केलीत. हा प्रार्थनेचा पाव आहे, प्रोफे."

प्रोफेसर हळूहळू, मेजाचा पाय धरून, गुडघ्यांवर बसले. हात जोडले. देवावर विश्वास नसलेला तो म्हातारा पहिल्याच ओळीला अडला.

"तिचं नाव घ्यायचं आधी," नेमेसिओ म्हणाला.

प्रोफेसरांनी वर पाहिले. ओरिनोकोपासून पराग्वेपर्यंतच्या प्रत्येक सिकुरीचे नाव ज्याला ठाऊक होते, त्या माणसाचे ओठ नुसते हलले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मलाही ते ठाऊक नव्हते. मी कोठडीत विचारलेच नव्हते.

"काय नाव होतं तिचं?" त्यांनी विचारले.

नेमेसिओने पाव मेजावर ठेवला. तो त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसला, आणि मुलाला शिकवावे तसे सावकाश म्हणाला, "एदुविहेस."